परदेशातल्या भारतीयांचा पैसा सरकारी धोरणं कशी बदलतो? आणि त्यात आखाती कामगाराचा आवाज बारीक का राहतो?

१९९१ साली भारताला सोनं गहाण ठेवावं लागलं, ही गोष्ट आता शाळेतल्या पोरांनाही माहिती असते. जुलै महिन्यात रिझर्व्ह बँकेने जवळपास ४७ टन सोनं मुंबईच्या सहार विमानतळावरून परदेशात पाठवलं आणि त्यावर बँक ऑफ इंग्लंड आणि बँक ऑफ जपानकडून डॉलर उचलले. देशाकडे जेमतेम दोन-तीन आठवड्यांच्या आयातीपुरतंच परकीय चलन उरलं होतं.

या गोष्टीचा एक भाग मात्र फारसा सांगितला जात नाही. तिजोरी रिकामी होण्याच्या कारणांमध्ये एक कारण परदेशातले भारतीय हेही होतं. १९९० च्या ऑक्टोबरपासून अनिवासी भारतीयांनी इथल्या बँकांमधल्या आपल्या डॉलरच्या ठेवी काढायला सुरुवात केली आणि १९९१ च्या उन्हाळ्यात हा ओघ आणखी वाढला. देश बुडतोय असं दिसल्यावर ठेवीदाराने जे केलं असतं, तेच त्यांनी केलं.

त्याच काळात परदेशातल्या भारतीयांचा दुसराही एक पैसा देशात येत होता. आखातात राबणारे कामगार घरी पाठवत असलेला. कुवेतच्या युद्धात हा पैसा आटला होता. पण युद्ध संपल्यावर तो पुन्हा यायला लागला, कारण गावाकडे चूल पेटवायची होती, पोरांची फी भरायची होती.

म्हणजे एकाच संकटात एक पैसा पळाला आणि दुसरा येत राहिला. पुढच्या तीस वर्षांत सरकारने सवलती कुणाला दिल्या हे बघितलं, तर पळू शकणाऱ्या पैशाचं पारडं जड दिसतं. असं का झालं, तेच समजून घेऊया.

आधी हे लोक कोण, ते बघू

परराष्ट्र मंत्रालयाच्या आकडेवारीनुसार जगभरात साधारण साडेतीन कोटी भारतीय आणि भारतीय वंशाचे लोक आहेत. यांना सगळ्यांना आपण सरसकट 'एनआरआय' म्हणतो. पण कायद्याच्या नजरेत यांचे दोन वेगळे गट आहेत.

पहिला गट अनिवासी भारतीयांचा, म्हणजे एनआरआय. हे परदेशात राहतात, पण पासपोर्ट भारताचा असतो. यांची संख्या दीड कोटीच्या पुढे आहे आणि यातले ९० लाखांच्या आसपास लोक एकट्या आखाती देशांत आहेत. तिथे कितीही वर्षं काढली तरी सर्वसाधारणपणे नागरिकत्व मिळत नाही. त्यामुळे ते भारतीयच राहतात आणि एक दिवस परत येतात.

दुसरा गट भारतीय वंशाच्या लोकांचा. हे अमेरिका, ब्रिटन, कॅनडा, मॉरिशस, दक्षिण आफ्रिका अशा देशांचे नागरिक आहेत. भारतात दुहेरी नागरिकत्व चालत नाही. १९५५ च्या नागरिकत्व कायद्यानुसार दुसऱ्या देशाचा पासपोर्ट घेतला की भारतीय नागरिकत्व आपोआप संपतं. गोव्यातल्या ज्या लोकांनी पोर्तुगीज पासपोर्ट घेऊन लंडन गाठलं, त्यांनाही हाच नियम लागू होतो.

हा फरक लक्षात ठेवा, पुढे लागणार आहे.

पैसा येतो तीन वाटांनी

पहिली वाट रेमिटन्सची. परदेशात कमावलेला पैसा घरच्यांना पाठवला की तो रेमिटन्स. रिझर्व्ह बँकेच्या आकड्यांनुसार २०२४-२५ या वर्षात भारतात असे १३५ अब्ज डॉलर आले, म्हणजे साडेअकरा लाख कोटी रुपयांच्या आसपास. त्याच वर्षी देशात आलेली एकूण थेट परकीय गुंतवणूक ८१ अब्ज डॉलर होती. परदेशी कंपन्यांना बोलावण्यासाठी गुंतवणूक परिषदा होतात, करार होतात, फोटो छापून येतात. घरी पैसे पाठवणाऱ्यांची रक्कम त्यापेक्षा कितीतरी मोठी आहे आणि ती कुठल्याही परिषदेशिवाय येते. वस्तूंच्या आयात-निर्यातीत देशाला जी तूट येते, त्यातली निम्म्याच्या आसपास तूट या पैशाने भरून निघते.

दुसरी वाट ठेवी आणि बाँडची. एनआरआय लोक भारतीय बँकांत रुपयांत किंवा डॉलरमध्ये ठेवी ठेवतात. एनआरई आणि एफसीएनआर ही त्या खात्यांची नावं. यावरच्या व्याजावर भारतात आयकर लागत नाही. मार्च २०२५ मध्ये एनआरआयंच्या सगळ्या प्रकारच्या ठेवी मिळून १६० अब्ज डॉलरच्या पुढे होत्या.

तिसरी वाट गुंतवणूक आणि अनुभवाची. कुणी कंपनी काढतं, कुणी स्टार्टअपमध्ये पैसे घालतं, कुणी तिकडे शिकलेलं इकडे येऊन वापरतं.

या तीन वाटांचा स्वभाव वेगळा आहे. रेमिटन्स परत जात नाही. एकदा आईच्या खात्यात आला की तो खर्च होतो. ठेव मात्र उसनी असते. मुदत संपली, भरवसा उडाला किंवा दुसरीकडे व्याज जास्त मिळालं की ती निघते. आखातातले लोकही ठेवी ठेवतातच, त्यामुळे हा फरक देशाचा नाही, पैशाच्या स्वभावाचा आहे.

संकट आलं की सरकारला एनआरआय आठवतात

१९९१ मध्ये ठेवी निघून गेल्यावर सरकारने 'इंडिया डेव्हलपमेंट बाँड' काढले आणि परदेशातल्या भारतीयांकडून १.६ अब्ज डॉलर उभे केले. तेव्हाच्या परिस्थितीत ही रक्कम मोठा आधार होती आणि हा मार्ग चालतो, हे दिल्लीच्या लक्षात आलं.

पुढची वेळ आली १९९८ मध्ये. मे महिन्यात पोखरणला अणुचाचण्या झाल्या. अमेरिका, जपान आणि इतर देशांनी निर्बंध लादले. मूडीजने भारताचं पतमानांकन खाली आणलं. बाहेरून कर्ज मिळणं अवघड झालं. तेव्हा ऑगस्टमध्ये स्टेट बँकेने 'रिसर्जंट इंडिया बाँड' आणले. ते फक्त परदेशातल्या भारतीयांसाठी होते. काही दिवसांत ४.२ अब्ज डॉलर जमा झाले.

तेव्हा हे देशप्रेमाचं उदाहरण म्हणून खूप गाजलं. देशप्रेम होतंच. पण डॉलरमधल्या बाँडवर ७.७५ टक्के व्याज होतं आणि अमेरिकी सरकारच्या पाच वर्षांच्या रोख्यांपेक्षा ते दोन टक्क्यांहून जास्त होतं. मुदतीत रुपया घसरला तर एका मर्यादेपुढचं नुकसान भारत सरकार सोसणार होतं. गुंतवणूकदाराला डॉलर दिले की डॉलरच परत मिळणार होते. म्हणजे भावनेला व्याजाची चांगली जोड होती.

२००० मध्ये तेलाच्या किमती वाढल्या, रुपया दबावाखाली आला आणि 'इंडिया मिलेनियम डिपॉझिट' योजनेतून ५.५ अब्ज डॉलर आले. इथेही व्याज साडेआठ टक्क्यांपर्यंत होतं.

२०१३ चा किस्सा तर अनेकांना आठवत असेल. अमेरिकेची मध्यवर्ती बँक बाजारात ओतला जाणारा पैसा कमी करणार, असे संकेत मे महिन्यात आले आणि भारतातून डॉलर बाहेर जायला लागले. ऑगस्टच्या शेवटी एका डॉलरला ६८ रुपयांहून जास्त मोजावे लागत होते. ४ सप्टेंबरला रघुराम राजन रिझर्व्ह बँकेचे गव्हर्नर झाले आणि पहिल्याच दिवशी त्यांनी एक योजना जाहीर केली. बँकांनी एनआरआयंकडून तीन वर्षं किंवा त्याहून जास्त मुदतीच्या डॉलर ठेवी आणायच्या आणि रुपया घसरण्याच्या जोखमीपासून वाचण्याचा खर्च रिझर्व्ह बँक साडेतीन टक्क्यांच्या सवलतीच्या दराने उचलू देणार. नोव्हेंबरअखेर योजना बंद झाली, तेव्हा त्यातून एकूण ३४ अब्ज डॉलर आले होते. त्यातले २६ अब्ज एनआरआय ठेवींचे होते.

ही सवय अजूनही सुटलेली नाही. डिसेंबर २०२४ मध्ये रुपया पुन्हा दबावात असताना रिझर्व्ह बँकेने काही महिन्यांसाठी एफसीएनआर ठेवींवरच्या व्याजाची कमाल मर्यादा वाढवली होती.

या सगळ्यातून एक गोष्ट स्पष्ट होते. जो पैसा निघून जाऊ शकतो, त्याला थांबवण्यासाठी सरकार किंमत मोजतं. करमाफी, चढं व्याज आणि चलनाच्या जोखमीची हमी, ही ती किंमत.

नेहरूंच्या काळात चित्र वेगळं होतं

परदेशातल्या भारतीयांचा असा मान सुरुवातीपासून नव्हता. पंडित नेहरूंची भूमिका होती की, जे जिथे स्थायिक झालेत त्यांनी त्याच देशाशी एकनिष्ठ राहावं. १९७२ मध्ये इदी अमीनने युगांडातून हजारो आशियाई लोकांना हाकललं, तेव्हाही त्यातले बरेचसे ब्रिटिश पासपोर्टधारक असल्यामुळे ती जबाबदारी ब्रिटनची, असाच भारताचा सूर होता.

बदल व्हायला लागला ऐंशीच्या दशकात आणि त्याला वेग आला नव्वदीनंतर. १९९९ मध्ये भारतीय वंशाच्या लोकांसाठी 'पीआयओ कार्ड' आलं. त्याची फी होती १ हजार डॉलर. ते कुणासाठी होतं, हे फीवरूनच कळतं. २००० मध्ये एल. एम. सिंघवी यांच्या अध्यक्षतेखाली उच्चस्तरीय समिती नेमली गेली. समितीने परदेशातल्या भारतीयांशी देशाचं नातं कसं असावं यावर मोठा अहवाल जानेवारी २००२ मध्ये दिला. त्यातूनच पुढच्या वर्षी पहिला प्रवासी भारतीय दिवस साजरा झाला. तारीख निवडली ९ जानेवारी, कारण १९१५ मध्ये याच दिवशी गांधीजी दक्षिण आफ्रिकेतून मुंबईत परतले होते.

दुहेरी नागरिकत्वाची मागणी याच काळात जोरात होती. पूर्ण दुहेरी नागरिकत्व काही मिळालं नाही, पण त्याच्या जवळ जाणारं 'ओसीआय' कार्ड मिळालं. आजन्म व्हिसा आणि शेतजमीन सोडून बाकी मालमत्ता खरेदी, गुंतवणूक, शिक्षण यात बहुतेक बाबतीत एनआरआयच्या बरोबरीचे हक्क. मतदान करता येत नाही, निवडणूक लढवता येत नाही. आज चाळीस लाखांहून जास्त लोकांकडे हे कार्ड आहे.

आता यातली मेख बघा. २००३ च्या पहिल्या दुरुस्तीत ही सोय फक्त १६ देशांतल्या लोकांसाठी होती. अमेरिका, ब्रिटन, कॅनडा, ऑस्ट्रेलिया, फ्रान्स, स्वित्झर्लंड वगैरे. मॉरिशस, फिजी, त्रिनिदाद, सुरिनाम, दक्षिण आफ्रिका या यादीत नव्हते. एकोणिसाव्या शतकात गिरमिटिया मजूर म्हणून ज्यांना जहाजात भरून नेलं, त्यांची पतवंडं याच देशांत आहेत. मुंबई बंदरातून मॉरिशसला गेलेल्या आणि तिथे आजही गुढीपाडवा, गणेशोत्सव साजरा करणाऱ्या मराठी कुटुंबांचाही त्यात समावेश होतो. टीका झाली आणि २००५ मध्ये पाकिस्तान आणि बांगलादेश वगळता सगळ्या देशांसाठी दार उघडलं. मॉरिशसच्या सातव्या पिढीलाही ओसीआय मिळेल, ही घोषणा व्हायला मात्र २०२४ साल उजाडलं. राष्ट्रपती द्रौपदी मुर्मू यांनी मॉरिशस दौऱ्यात ती केली.

फक्त पैसा नाही, डोकंही

परदेशातल्या भारतीयांचा प्रभाव फक्त डॉलरमधून येत नाही. गल्लोगल्ली दिसणारे पिवळे एसटीडी-पीसीओ बूथ आठवतात? त्यामागच्या टेलिफोन क्रांतीत शिकागोत कारकीर्द घडवलेल्या सॅम पित्रोदा यांचा मोठा हात होता. १९८४ मध्ये सी-डॉट ही सरकारी संस्था उभी राहिली आणि तिने भारतातल्या धूळ-उन्हात टिकतील अशी टेलिफोन एक्स्चेंज गावांसाठी बनवली.

दुसरं उदाहरण कमी माहितीचं, पण जास्त परिणाम करणारं आहे. नवीन कंपन्यांमध्ये जोखीम घेऊन पैसे घालणारे व्हेंचर कॅपिटल फंड भारतात कसे वाढतील, यासाठी सेबीने एक समिती नेमली. तिचे अध्यक्ष होते सिलिकॉन व्हॅलीतले उद्योजक के. बी. चंद्रशेखर. समितीचा अहवाल २००० साली आला आणि त्याच वर्षी नियम सोपे झाले. आज स्टार्टअपला फंडिंग मिळाल्याच्या बातम्या रोज येतात, त्याची एक मुळी इथपर्यंत जाते. परदेशातल्या उद्योजकाने फक्त पैसे घातले नाहीत, तर नियम कसे असावेत हेही सांगितलं आणि सरकारने ऐकलं.

वॉशिंग्टनमध्ये वजन कसं पडलं?

प्रभावाची आणखी एक दिशा असते. लोक ज्या देशात राहतात, तिथल्या सरकारवर दबाव आणणं. भारत-अमेरिका अणुकरार हे याचं ठळक उदाहरण.

अमेरिकेच्या प्रतिनिधिगृहात भारताच्या बाजूने बोलणाऱ्या खासदारांचा गट १९९३ पासूनच होता. २००५ मध्ये मनमोहन सिंग आणि जॉर्ज बुश यांनी अणुकराराची घोषणा केली, तेव्हा तिथल्या भारतीय संघटनांनी आपापल्या भागातल्या खासदारांना पत्रं पाठवली, फोन केले, भेटी घेतल्या, निवडणूक निधीच्या कार्यक्रमांत हा विषय काढला. भारताने अण्वस्त्रप्रसारबंदी करारावर सही केलेली नसल्यामुळे विरोधही तगडा होता. तरी ऑक्टोबर २००८ मध्ये सिनेटने ८६ विरुद्ध १३ मतांनी मंजुरी दिली.

अमेरिकेच्या लोकसंख्येत भारतीय तेव्हा एक टक्काही नव्हते. पण डॉक्टर, इंजिनिअर, मोटेल आणि कंपन्यांचे मालक म्हणून त्यांची कमाई सरासरीपेक्षा बरीच जास्त होती आणि तिथले नागरिक म्हणून मतही होतं. अर्थात करार फक्त त्यांच्यामुळे झाला असं म्हणणं चूक ठरेल. अमेरिकी कंपन्यांना भारताची बाजारपेठ हवी होती आणि बुश सरकारच्या डोक्यात चीनचं गणित होतं. भारतीय समाजाने दार उघडलं नाही, पण उघडत असलेल्या दाराला जोर लावला.

आखातात हे होऊ शकत नाही. तिथे भारतीयांची संख्या कितीतरी मोठी आहे. पण त्यांना मत नाही, संघटना करण्यावर बंधनं आहेत आणि नोकरी गेली की राहण्याचा परवानाही जातो. दबाव आणायचा कशाच्या जोरावर?

मग आखाती कामगाराचं कोण ऐकतं?

याचं उत्तर केरळमध्ये सापडतं.

२०२३ च्या केरळ मायग्रेशन सर्व्हेनुसार राज्यातले साधारण २२ लाख लोक परदेशात आहेत आणि त्यांनी वर्षभरात २ लाख १६ हजार कोटी रुपयांहून जास्त रक्कम पाठवली. राज्याच्या उत्पन्नाशी तुलना केली तर हा पाचव्या हिश्शाहून मोठा आकडा आहे. शाळा, दवाखाने, घरं, सोन्याची दुकानं, विमानतळ, केरळमधल्या जवळपास सगळ्या गोष्टींवर आखाती पैशाचा ठसा आहे. त्याची दुसरी बाजूही आहे. जमिनीचे आणि मजुरीचे दर चढले, कारखाने फारसे वाढले नाहीत आणि शिकलेला तरुण पुन्हा बाहेरच निघाला.

पण केरळने एक गोष्ट वेगळी केली. परदेशी गेलेल्यांचा विषय राजकारणाच्या केंद्रात आणला. १९९६ मध्ये 'नोर्का' नावाचं स्वतंत्र खातं काढलं, जे देशातलं असं पहिलं खातं होतं. परतलेल्यांसाठी कल्याण मंडळ आणि पेन्शन आली. कोची विमानतळासाठी पैसे नव्हते, तेव्हा ३० देशांतल्या सुमारे १० हजार अनिवासी भारतीयांनी भागभांडवल दिलं आणि १९९९ मध्ये तो सुरू झाला. खासगी लोकांच्या सहभागातून उभा राहिलेला हा देशातला पहिला आंतरराष्ट्रीय विमानतळ. २०१८ पासून परदेशातल्या मल्याळी लोकांचे प्रतिनिधी आणि राज्याचे आमदार-खासदार एकत्र बसतात, अशी 'लोक केरळ सभा'ही भरते.

हे का घडलं? दुबईतला कामगार स्वतः मत द्यायला येऊ शकत नसला, तरी त्याचे आईवडील, बायको, भाऊ मतदार असतात. ज्या मतदारसंघात दर चार-पाच घरांमागे एक माणूस आखातात असेल, तिथे हा विषय टाळून कुठलाही पक्ष निवडणूक लढवू शकत नाही. म्हणजे अमेरिकेतल्या इंजिनिअरची ताकद त्याच्या डॉलरमध्ये आहे आणि आखातातल्या कामगाराची ताकद गावाकडच्या त्याच्या घरात.

जिथे हे घर आवाज उठवत नाही, तिथे काय होतं हे २०२० मध्ये दिसलं. भारत सरकार आखातात जाणाऱ्या कामगारांसाठी देशनिहाय आणि कामानुसार किमान पगार ठरवून देतं. त्यापेक्षा कमी पगारावर भरती करायला परवानगी मिळत नाही. कोविडच्या काळात, सप्टेंबर २०२० मध्ये, सहा आखाती देशांसाठीचा हा किमान पगार ३० ते ५० टक्क्यांनी कमी करण्यात आला. दुसऱ्या देशांच्या स्वस्त मजुरांपुढे आपल्या लोकांच्या नोकऱ्या टिकाव्यात, असं कारण दिलं गेलं. कामगारांच्या संघटनांचं म्हणणं होतं की, आधीच कापलेला पगार यामुळे कायमचा कापला जाईल. तेलंगणातून मोठा विरोध झाला, प्रकरण तिथल्या उच्च न्यायालयात गेलं आणि जुलै २०२१ मध्ये सरकारने जुने दर पुन्हा लागू केले.

दोन गोष्टी शेजारी ठेवून बघा. २०१३ मध्ये रुपया घसरला, तेव्हा डॉलर ठेवणाऱ्यांना जोखमीपासून संरक्षण मिळालं. २०२० मध्ये नोकऱ्या गेल्या, तेव्हा डॉलर कमावणाऱ्यांचा किमान पगारच खाली आला. कारण ठेव निघून जाण्याची भीती असते. कामगार घरी पैसे पाठवणं थांबवेल, अशी भीती कुणालाच नसते.

मताचा हक्क आहे, पण तिकीट काढून या

परदेशातल्या भारतीय नागरिकांना मतदानाचा हक्क २०१० च्या कायद्याने मिळाला. अट एकच, मतदानाच्या दिवशी आपल्या गावातल्या केंद्रावर स्वतः हजर राहायचं. पासपोर्ट दाखवायचा आणि मत द्यायचं.

महिन्याला २५-३० हजार रुपये घरी पाठवणारा मिस्त्री एका मतासाठी विमानाचं तिकीट काढेल का? २०२४ च्या लोकसभा निवडणुकीत देशभरात सुमारे १ लाख १९ हजार परदेशी मतदारांची नोंदणी होती. प्रत्यक्ष मतदान केलं ते तीन हजारांहून कमी लोकांनी. त्यातलेही बहुतेक केरळचे. महाराष्ट्रात पाच हजारांच्या आसपास नोंदणी होती आणि मत द्यायला आले १७ जण.

आपल्या वतीने दुसऱ्याला मत देऊ देणारं विधेयक ऑगस्ट २०१८ मध्ये लोकसभेत मंजूर झालं होतं. राज्यसभेत ते पुढे सरकलं नाही आणि लोकसभेची मुदत संपल्यावर बारगळलं. २०२० मध्ये निवडणूक आयोगाने इलेक्ट्रॉनिक पद्धतीने मतपत्रिका पाठवण्याचा प्रस्ताव केंद्राला दिला. सैनिकांसाठी ही पद्धत आधीपासून वापरात आहे. तिच्यासमोर अडचणीही आहेत. आखाती मालकाच्या दबावाखाली मत दिलं जाणार नाही, याची खात्री कशी करायची, हा प्रश्न खरा आहे. पण ओसीआयच्या अडचणी काही वर्षांत सुटल्या आणि मतदानाच्या अडचणी २०१० पासून तशाच आहेत, हेही खरं आहे.

महाराष्ट्राचं काय?

रिझर्व्ह बँकेच्या २०२३-२४ च्या सर्वेक्षणात देशात आलेल्या रेमिटन्सपैकी सर्वाधिक, २०.५ टक्के वाटा महाराष्ट्राचा होता. केरळ १९.७ टक्क्यांसह दुसरा. तरीही हा विषय महाराष्ट्राच्या राजकारणात जवळपास ऐकूच येत नाही.

कारण लोकसंख्येत आहे. केरळच्या साडेतीन कोटी लोकांमध्ये येणारा पैसा जवळपास प्रत्येक गावात दिसतो. महाराष्ट्रात तेवढाच पैसा बारा कोटींहून जास्त लोकांत येतो आणि तो मुंबई-पुण्यातल्या आयटीवाल्यांपासून रत्नागिरी-रायगडमधल्या आखाती कामगारांपर्यंत विखुरलेला आहे. पुण्यातल्या आईबापांचा मुलगा कॅलिफोर्नियात असतो आणि कोकणातल्या बाईचा नवरा मस्कतमध्ये. दोघांचे प्रश्न वेगळे, त्यामुळे एकत्र आवाज तयार होत नाही.

आता वारं कुठल्या दिशेला आहे?

रिझर्व्ह बँकेचंच सर्वेक्षण सांगतं की, सहा आखाती देशांचा रेमिटन्समधला वाटा २०१६-१७ मधल्या ४७ टक्क्यांवरून २०२३-२४ मध्ये ३८ टक्क्यांवर आला. एकट्या अमेरिकेचा वाटा २७.७ टक्के झाला आणि ती पहिल्या क्रमांकावर आहे. म्हणजे पैसा हळूहळू कमी कामगारांकडून आणि जास्त पगारदारांकडून यायला लागलाय.

याचा धोका असा की, एका देशाच्या धोरणावरचं अवलंबित्व वाढतं. २०२५ मध्ये अमेरिकेत परदेशी पैसे पाठवण्यावर आधी ५ टक्के, मग साडेतीन टक्के कर लावण्याचा प्रस्ताव आला. शेवटी कायदा झाला तेव्हा तो १ टक्का आणि मुख्यतः रोखीने पाठवलेल्या पैशापुरता राहिला. त्याच वर्षी सप्टेंबरमध्ये नव्या एच-१बी अर्जांवर १ लाख डॉलरचं शुल्क जाहीर झालं. दिल्लीने कितीही चांगली धोरणं आखली, तरी दुसऱ्या देशाच्या अध्यक्षाची एक सही लाखो घरांचं गणित बदलू शकते.

परदेशातल्या भारतीयांनी देशाला दिलेलं मोजायला गेलं तर रेमिटन्सचा आकडा ठेवींपेक्षा, बाँडपेक्षा आणि गुंतवणुकीपेक्षा मोठा निघतो. धोरणांत मात्र हा क्रम उलटा दिसतो. ९० लाख आखाती भारतीयांना हा क्रम बदलायचा असेल, तर त्यांच्याकडे दोनच मार्ग आहेत. एक, त्यांच्या घरच्यांनी केरळसारखं निवडणुकीत हा प्रश्न विचारणं. आणि दुसरा, त्यांना स्वतःला जिथे आहेत तिथून मत देता येणं. पहिल्यासाठी कुठल्याही कायद्याची गरज नाही. दुसऱ्याचा प्रस्ताव २०२० पासून दिल्लीत पडून आहे.